एका बाजूचा अवकाश

किशोरीताई आमोणकर यांच्या एका एलपीवर, म्हणजे मोठ्या, संथ फिरणाऱ्या रेकॉर्डवर, एका बाजूस भूप राग आहे आणि दुसऱ्या बाजूस बागेश्री. ‘प्रथम सूर साधे’ हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल आणि त्याला जोडून ‘सहेला रे’ ही द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, एवढ्यावर तो भूप पुरा होतो. शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्या मराठी घरांत हा भूप ठाऊक नाही असे घर विरळाच असेल. मीही तो कॅसेटवर, मग सीडीवर आणि अलीकडे फोनवर इतक्यांदा ऐकला आहे की त्यातली एकेक जागा येण्याआधीच मनात उमटते. तरीही आत्याच्या संग्रहातून माझ्याकडे आलेली ती रेकॉर्ड धुऊन, पुसून, टर्नटेबलवर ठेवून पहिल्यांदा सलग ऐकली, तेव्हा आजवर कधीच लक्षात न आलेली एक गोष्ट समोर आली, आणि ती म्हणजे या गाण्याचे माप.

हा भूप मैफलीतून कापून काढलेला तुकडा वाटत नाही. तबकडीच्या एका बाजूवर जेवढा वेळ मावतो, तेवढ्या वेळाचा विचार करून तो उभा केलेला आहे. मैफलीत ज्या रागाला गायिका तासभर देऊ शकते, त्याला येथे वीस-पंचवीस मिनिटेच आहेत, हे तिला पहिल्या षड्जापासून माहीत आहे. गंधारावरचा मुक्काम असो किंवा धैवतावरून वरच्या षड्जाकडे जाणारी वाट असो, प्रत्येक गोष्टीची जागा आणि मुदत ठरलेली आहे आणि तरीही घाई म्हणून कोठे नाही. फोनवर हेच गाणे ऐकताना ते संपते न संपते तोच दुसरे काहीतरी सुरू होते, त्यामुळे त्याला कड उरत नाही. रेकॉर्डवर ती कड डोळ्यांना दिसते. पिन आत आत सरकत जाते, अजून किती रुंदीचा काळा पट्टा शिल्लक आहे हे कळत राहते, आणि आता विलंबित आवरते घ्यावे लागणार याची जाणीव ऐकणाऱ्यालाही गायिकेबरोबरच होते. जुन्या रेकॉर्डी पुन्हा ऐकू लागल्यापासून मला जो आनंद मिळतो आहे, त्याचा फार मोठा भाग या मापाच्या जाणिवेत आहे.

आत्या मिरजेला शाळेत शिकवत असे. पगारातून बाजूला काढलेल्या पैशांतून तिने हळूहळू रेकॉर्डी जमवल्या आणि प्रत्येक कव्हरच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने खरेदीची तारीख व गाव लिहून ठेवले. बहुतेकांवर सांगली आणि कोल्हापूर आहे, काहींवर पुणे, आणि मोजक्या काहींवर मुंबईच्या ऱ्हिदम हाउसचे नाव आहे. काळा घोडा परिसरातले ते दुकान २०१६ साली बंद झाले, परंतु रेकॉर्ड घेण्याआधी तेथे बूथमध्ये बसून ती ऐकून पाहता येत असे, हे तिने आम्हां मुलांना फार कौतुकाने सांगितल्याचे आठवते. सुट्टीत तिच्याकडे गेलो की संध्याकाळी एक रेकॉर्ड लागे आणि नियम एकच असे, “बाजू पुरी होऊ दे, मग काय बोलायचे ते बोला.” बाजू पुरी झाली की ती उलटण्याचा मान आम्हां भावंडांत पाळीपाळीने मिळे, आणि त्या मधल्या दोन-चार मिनिटांत झालेल्या गाण्याविषयी आत्या जे बोले, तेच माझे संगीताचे पहिले शिक्षण होते. पुढे कॅसेटी आल्या, रेकॉर्डी खोक्यांत गेल्या आणि खोकी माळ्यावर. आत्याच्या पश्चात ती खोकी पुण्याला माझ्याकडे आली. तिच्या प्लेयरमधले रबरी चाक दगडासारखे टणक झाले होते, म्हणून मी साधेच पण नवे टर्नटेबल घेतले.

एलपीवर आपल्याला असंख्य वर्तुळे दिसत असली, तरी प्रत्यक्षात बाहेरून आत वळत जाणारा तो एकच चर असतो. मिनिटाला ३३⅓ फेरे या गतीने वीस मिनिटांच्या बाजूत साडेसहाशेहून अधिक फेरे होतात, आणि हा चर उलगडून सरळ केला तर तो सुमारे ४०० मीटर भरेल. फेऱ्यांची गती सारखीच राहते, पण आतले फेरे लहान असल्यामुळे पिनखालून चर सरकण्याचा वेग मात्र घटत जातो. काठाजवळ तो सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर असतो, तर मधल्या लेबलाजवळ पोहोचेपर्यंत त्याच्या निम्म्याहून कमी होतो. सेकंदभराचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरायचा म्हणजे त्याचे बारीक कंगोरे दाटीवाटीने येणार, आणि पिनला ते स्पष्ट वाचणे अवघड जाणार. पाश्चात्त्य संगीत ऐकणारे रसिक रेकॉर्डच्या आतल्या भागाविषयी जी तक्रार करतात, तिचे मूळ येथे आहे. आता आपला ख्याल पाहा. तो विलंबिताकडून द्रुताकडेच जाणार, हा क्रम बदलता येत नाही. म्हणजे जेथे चर प्रशस्त आहे तेथे संथ आलापी येते, आणि जेथे तो सर्वांत आखूड झालेला आहे, नेमक्या तेथे वेगवान तानांची गर्दी होते. आत्याच्या रेकॉर्डवर भूपाची आलापी अजूनही निर्मळ आहे, आणि ‘सहेला रे’च्या शेवटच्या आवर्तनांत मात्र स्वर किंचित खरबरीत होतो. त्या खरबरीतपणाचे कारण कळल्यापासून तो मला खटकेनासा झाला आहे, कारण रागाची बढत, म्हणजे त्याचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, आणि तबकडीची भूमिती यांची गाठ जेथे पडते ती जागा त्यातून ऐकू येते.

या मापाचा इतिहास एलपीच्या बराच आधी सुरू होतो. १९०२ साली इंग्लंडच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने त्या नोव्हेंबरात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मूळ मुद्रिका जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तेथून तयार तबकड्या येत. कारखान्यात गायिकेची ओळख पटावी म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. लाखेपासून केलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. रागाच्या एका स्वरावर पाव तास काढणाऱ्या गवयांपुढे हे माप ठेवले गेले, तेव्हा काहींनी ते नाकारले आणि काहींनी ते मनापासून स्वीकारून त्यात एक निराळीच कला घडवली. बालगंधर्वांची पदे रंगभूमीवर वन्स मोअर घेत घेत कितीतरी वेळ चालत, असे जुन्या पिढीकडून ऐकलेले असते. त्याच पदांची ७८ची तबकडी लावली की तीन मिनिटांत सगळा ऐवज नीट बांधून हाती दिलेला असतो. मला या तबकड्या म्हणजे मूळ गाण्याचा संक्षेप वाटत नाहीत. त्यांचा विचारच तीन मिनिटांचा आहे.

या विचाराचे सर्वोच्च शिखर माझ्या मते अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आहे. मिरज ही त्यांची कर्मभूमी, आणि १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच झाले, त्यामुळे आत्याच्या बोलण्यात ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे येत. त्यांची झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती ही की, इतक्या थोड्या वेळात गायचे असूनही ते स्वर लावायला पुरेसा वेळ घेतात. एखादा स्वर लांबवून, त्याला किंचित हेलकावा देऊन, ते तेथेच थांबतात, आणि तीन मिनिटांतले कितीतरी क्षण त्या एका थांब्यावर खर्च करतात. वेळ कमी आहे म्हणून अधिक भरावे असे त्यांना वाटलेले नाही. वेळ कमी आहे म्हणून काय गाळावे हे त्यांनी ठरवले आहे. हीच रेकॉर्ड लहान वयात दुकानात वाजताना ऐकून भीमसेन जोशी यांना गाण्याचे वेड लागले, आणि १९३३ साली अकरा वर्षांच्या त्या मुलाने गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. तीन मिनिटांच्या तबकडीने एका आयुष्याला दिशा दिली, यात मला आता अतिशयोक्ती वाटत नाही, कारण तीन मिनिटे म्हणजे एखादे मूल दुकानासमोर उभ्या उभ्या ऐकू शकेल असे माप आहे. तासाभराच्या ख्यालाने ते काम केले असते का, याविषयी मला शंका आहे.

आणि आपले भावगीत तर या मापातच वाढले. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता ध्वनिमुद्रिकेवर गायिली आणि ती घराघरांत पोहोचली. पुढे जोशी स्वतःच ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले आणि अनेक थोर गवयांच्या मुद्रिका त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि त्यांच्यामध्ये वाद्यांचे छोटेसे तुकडे, हा भावगीताचा घाट आज आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की तो तबकडीच्या रुंदीशी जोडलेला आहे हे विसरायला होते. नंतर ४५ फेऱ्यांच्या सात इंची ईपी आल्या. एका बाजूस दोन, दुसऱ्या बाजूस दोन अशी चार गाणी त्यांवर असत. कोणती दोन गाणी शेजारी ठेवायची, बाजू उलटल्यावर कोणते प्रथम यायचे, हा विचार कोणीतरी केलेला असे, आणि आत्याकडच्या नाट्यगीतांच्या ईपी ऐकताना तो विचार मला आवडत जातो. एका बाजूस द्रुत लयीतले पद आणि त्यामागे भैरवी, अशी जोडी एकदा कानात बसली की त्यातले एक गाणे एकटे ऐकताना दुसऱ्याची उणीव भासते.

विनाइल या प्लास्टिकची एलपी अमेरिकेत १९४८ साली बाजारात आली, आणि भारतात ती रुळल्यावर ख्यालगायनाला श्वास घेण्यास जागा मिळाली. या जागेचे मोल ज्यांनी ओळखले त्यांत उस्ताद अमीर खाँ यांचे नाव मी सर्वांत आधी घेईन. त्यांच्या एका प्रसिद्ध एलपीच्या एका बाजूवर मारवा राग आहे आणि दुसऱ्या बाजूवर दरबारी. मारव्यात पंचम नाही, षड्जावर सहजासहजी टेकायचे नाही, कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्यातच घुटमळत राहायचे. सूर्यास्ताच्या वेळची ही अस्वस्थता खाँसाहेब इतक्या संथपणे मांडतात की बाजूला मर्यादा आहे हेच काही काळ विसरायला होते. ‘पिया मोरे अनत देस’ या विलंबितात शब्दापेक्षा स्वराला, आणि स्वरापेक्षा दोन स्वरांमधल्या अंतराला अधिक जागा आहे. मग ‘गुरु बिन ग्यान’ ही द्रुत बंदिश येते आणि पिन लेबलाकडे सरकलेली असते. आपण उठतो, रेकॉर्ड उलटतो, आणि मारव्याच्या संधिप्रकाशातून एकदम दरबारीच्या मध्यरात्रीत जातो.

येथे माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. किशोरीताईंच्या रेकॉर्डवर भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला आणि बागेश्री उत्तररात्रीकडे झुकणारी; अमीर खाँसाहेबांच्या रेकॉर्डवर मारवा दिवेलागणीचा आणि दरबारी ऐन रात्रीचा. दोन्ही ठिकाणी बाजू उलटणे म्हणजे रात्र पुढे सरकणे आहे. योजून केलेले असो वा नसो, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन बाजूंमधली रिकामी मिनिटे संगीताचाच भाग होतात, कारण एका रागाचे वातावरण विरून दुसऱ्यासाठी कान मोकळा होण्यास तेवढा अवधी लागतोच. मैफलीत गायक तंबोरे पुन्हा जुळवतो तो अवधी याच कामाचा असतो. यंत्राने एकापाठोपाठ एक राग जोडून दिले की हा अवधी नाहीसा होतो, आणि मारव्याचा धैवत कानात घुमत असतानाच दरबारीचा आंदोलित गंधार सुरू झाला तर दोन्ही रागांवर अन्याय होतो, असे मला अगदी ठामपणे वाटते.

आत्याच्या प्लेयरवर १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार आकडे होते. त्यांतल्या सोळाचा उपयोग कोणीही कधी केलेला आम्ही पाहिला नाही. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की १९७७ साली अवकाशात गेलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तांब्याची तबकडी आहे, ती मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या गतीने वाजवायची आहे, आणि ती वाजवण्यासाठी सोबत पिनही पाठवलेली आहे. त्या तबकडीवर केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंचे हे ध्वनिमुद्रण मुळात ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डसाठी झालेले, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचे. दोन्ही याने ऑगस्ट-सप्टेंबर १९७७ मध्ये निघाली आणि त्याच १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. पृथ्वीवरचे संगीत निवडताना ज्यांनी ही भैरवी घेतली, त्यांना पूर्ण वाटेल अशी आणि तरीही थोड्या जागेत मावेल अशी रचना हवी होती. ती त्यांना आमच्या ७८च्या रेकॉर्डीने दिली, याचा मला अभिमान वाटतो.

रेकॉर्डचा आवाज डिजिटल आवाजापेक्षा खरा असतो, त्यात अधिक ऊब असते, असे पुष्कळ लोक सांगतात. मला ते पटत नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सीडीवर विनाइलपेक्षा कितीतरी अधिक सांभाळले जाते, खरखर नसते, आणि शंभराव्या वेळीही ती पहिल्या वेळेसारखीच वाजते. रेकॉर्ड कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबलेला आणि वरचा भाग उठवलेला असतो, तो ॲम्प्लिफायरमध्ये उलट करून पूर्ववत करावा लागतो. म्हणजे हा आवाज कोणत्याही संस्काराविना आपल्यापर्यंत येतो असे म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय हल्ली निघणाऱ्या नव्या आवृत्त्यांपैकी कित्येक डिजिटल प्रतीवरूनच कोरलेल्या असतात. ज्यांना केवळ तंबोऱ्याचा झणत्कार स्वच्छ ऐकायचा आहे, त्यांनी चांगल्या हेडफोनवर चांगली डिजिटल प्रत ऐकावी, असेच मी सांगेन. माझा आग्रह आहे तो बाजूचा. फोनवरही कोणी एखादी मूळ एलपी शोधून, तिची एकच बाजू लावून, ती संपेपर्यंत बसून, मग थांबणार असेल, तर मी म्हणते त्यातला बराचसा आनंद त्याला मिळेल. रेकॉर्ड ही शिस्त आपोआप लावते आणि फोनवर ती स्वतः पाळावी लागते.

ज्यांच्या घरी अशी खोकी पडून आहेत त्यांच्यासाठी थोडे. रेकॉर्डी एकमेकींवर रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. उन्हात आणि दाबाखाली विनाइल वाकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरला आणि चरांतही बुरशी येते, तेव्हा डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा थेंब टाकून, मऊ कापडाने चरांच्या दिशेने पुसून, लेबल भिजू न देता सावलीत वाळवाव्यात. लाखेच्या ७८च्या तबकड्यांना मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण अजिबात लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. त्यांची पिनही निराळी, एलपीच्या पिनेपेक्षा सुमारे तिप्पट जाड. बारीक पिन त्या रुंद चराच्या तळाशी घसरत जाते आणि खरखरीखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. तबकडीवर लेबलाच्या कडेने कोरलेला मुद्रिकेचा क्रमांक पुसू नये, खरवडू नये. मुंबईत १९९०पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेतल्या अभ्यासकांसारख्या माणसांनी अशाच क्रमांकांच्या आधारे आपल्या संगीताचा कितीतरी इतिहास जुळवून काढलेला आहे.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे काही मंडळी जमतात. त्या दिवशी एकच रेकॉर्ड लागते, आणि नियम आत्याचाच आहे. गाणे शिकणारी माझी भाची अलीकडे नियमाने येऊ लागली आहे. सुरुवातीला ती जुन्या माणसांचा मान राखण्यासाठी बसते की काय असे मला वाटले, पण काही आठवड्यांनी तिने एक वही दाखवली. आम्ही ऐकलेल्या प्रत्येक बाजूचा तिने आराखडा काढला होता: स्थायी किती वेळ चालली, अंतरा कधी उचलला, तारषड्ज पहिल्यांदा केव्हा लागला, द्रुताला किती जागा ठेवली. तिने मला विचारले, “मावशी, मी क्लासमध्ये यमन गाते तो पाऊण तास चालतो. त्यातला कुठला भाग काढला तर चालेल, हे मला सांगताच येत नाही. यांना कसे कळत असेल?” मी गाणारी नाही, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तिने ते माझ्याकडून अपेक्षिलेही नव्हते. तिच्या गुरूंनी मात्र हा प्रश्न मनावर घेतला आणि वीस मिनिटांत पुरा होणारा यमन बसवून दाखव, असे तिला सांगितले. गेले काही आठवडे ती तेच करते आहे. आलापीतल्या दोन आवडत्या जागा तिने गाळल्या, त्यांतली एक पुन्हा आणली, तराणा घ्यायचे ठरवले आणि शेवटी बंदिशच ठेवली. येत्या शनिवारी रेकॉर्डऐवजी ती गाणार आहे. तबल्याला तिचा वर्गमित्र येणार आहे, आणि समोर घड्याळ ठेवायचे की नाही यावर त्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.